तारली (सार्डिन) कमी झाली ती जाळ्यामुळं की समुद्रातलं 'हिरवं' बदललं म्हणून? कुणीतरी नीट सांगा

कॅम्पातला_बांगडा
मंडळी नमस्कार. बेळगावात बसून समुद्राचा धागा काढलाय म्हणून हसू नका, मासे चोर्ला घाट चढून आपल्याकडंच येतात आणि खाणारे पण आपणच. तर विषय असा की गेल्या आठवड्यात मोबाईलवर दोन बातम्या वाचल्या, एकीत लिहिलंय अरबी समुद्रातलं फायटोप्लँक्टन, म्हणजे ते डोळ्याला न दिसणारं तरंगतं हिरवं, ते ३५० टक्क्यांहून जास्त वाढलं, आणि दुसरीत लिहिलंय २० टक्क्यांपर्यंत घटलं. दोन्हीकडं शास्त्रज्ञांचीच नावं. आता माणसानं कुठल्यावर विश्वास ठेवायचा? आमचा मासेवाला मामा तर तिसरंच सांगतो, पाऊस सुरू झाला की खालचं गार पाणी वर आलं पाहिजे तरच तारली किनाऱ्याला लागते, नाहीतर नाही. त्याचं ऐकून मी जरा शोधलं तर त्याला अपवेलिंग म्हणतात असं कळलं. कुणाला आत-बाहेर माहिती असेल तर लिहा. कॉपी पेस्ट नको, आपल्या भाषेत.

अनगोळकर
यात शोधायचं काय आहे? पर्ससीननं, म्हणजे त्या थव्याला घेर घालणाऱ्या मोठ्या जाळ्यानं, वाट लावली. आमच्या लहानपणी कारवारकडं रांपण ओढायचे, अख्खं गाव दोरीला लागायचं आणि येईल तेवढं घ्यायचं. सत्तरच्या दशकात मशीनच्या बोटी आणि पर्ससीन आली आणि रांपण संपलीच. पिल्लासकट उचलायलेत आणि वर ते मंगळूर-उडपीकडं फिशमील (मासळीची भुकटी) नि तेलाच्या कारखान्यांना घालतात. प्लँक्टन बिंक्टन राहू दे, आधी जाळी बघा.

निपाणीकर_पाटील
अनगोळकर अण्णा म्हणतात ते पटतंय. खरं एक विचारू काय, जाळीच कारण असेल तर तारली मधेच परत ढिगानं कशी येते? बोटी तर कमी झाल्या नाहीत.

टिळकवाडीची_अक्का
उशिरा बघितला धागा. मी एमएस्सी मरीन बायोलॉजी केलंय, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा तो विभाग कारवारात कोडीबागेला आहे, आता इथं शिकवते. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी मासेवाल्या मामांचं. मामा बरोबर आहेत. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला वारा नुसता समुद्राकडून जमिनीकडं येत नाही, त्याचा एक भाग किनाऱ्याला धरून दक्षिणेकडं वाहतो. पृथ्वी फिरते त्यामुळं उत्तर गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकतं, म्हणजे किनाऱ्यापासून आत खोल समुद्राकडं. वरचं गेलं की त्या जागी खालचं पाणी चढतं, ते थंड असतं आणि त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका भरलेली असते. उजेडात आलं की त्यावर डायटम उगवतात. डायटम म्हणजे एकपेशीय, भोवती सिलिकाचं काचेसारखं कवच असलेलं, भराभर दुप्पट होणारं. तारली तोंड उघडं ठेवून गिल्समधनं हेच गाळून खाते. हे सगळं केरळच्या टोकाला मे-जूनच्या सुमाराला सुरू होतं आणि हळूहळू वर कारवार-गोव्याकडं सरकतं. आणि गंमत म्हणजे खालचा थंड थर वर चढायला फेब्रुवारी-मार्चमधेच लागलेला असतो, पावसाळी वारा सुटायच्या आधी, कारण बंगालच्या उपसागराकडनं भारताच्या टोकाला वळसा घालून येणाऱ्या लाटा. त्या वरनं दिसत नाहीत, पाण्याच्या आतून येतात. म्हणजे आपल्या तारलीचं नशीब थोडं तिकडच्या वाऱ्यावर पण आहे.

आता अनगोळकर काकांचं. जाळी कारण आहेच, मी नाही म्हणत नाही. खरं १९४० च्या दशकात मलबार किनाऱ्याला तारली अशी बुडाली होती की मद्रास सरकारला निर्बंध घालावे लागले, तेव्हा कुठली पर्ससीन? १९९४ ला परत बुडाली. मग चढत चढत २०१२ ला एकट्या केरळात ३.९ लाख टन, आणि २०२१ ला तिथंच ३,२९७ टन. पुढं २०२२ नंतर परत लाखाच्या वर. बोटी त्याच, जाळी तीच. पाटील विचारतात ते म्हणूनच बरोबर आहे, एकट्या जाळ्यानं असा झोपाळा होत नाही.

अनगोळकर
अक्का, तुम्ही शिकलेल्या आहात, मान्य. खरं ३.९ लाख टन उचलल्यावर बुडणारच ना. तुमचं डायटम काय करणार.

टिळकवाडीची_अक्का
काका तुमच्या बाजूचं उदाहरण मीच देते. आफ्रिकेच्या नामिबियाच्या किनाऱ्याला बेंग्वेला नावाचं मोठं अपवेलिंग आहे. साठच्या दशकाच्या शेवटी तिथं सार्डिन वर्षाला दहा लाख टनांच्या वर मारली आणि ती जी बुडाली ती आजतागायत आली नाही. प्लँक्टन तिथं संपलं नव्हतं, खाणारा संपला, मग जागा जेलीफिश आणि गोबी नावाच्या बारक्या माशांनी घेतली. म्हणजे मासा गेला म्हणून प्लँक्टन गेलं असा हिशोब लावता येत नाही. उलटं पण तेवढंच खरं. प्लँक्टन स्वतः किती बदललं ते स्वतंत्र मोजावं लागतं, बाजारातल्या टोपलीवरनं कळत नाही.

चिकोडी_टू_बेंगळूर
आयटीवाला आहे, डेटा बघायची सवय आहे. बांगडाभाऊंच्या दोन बातम्यांचं कुणी बोललंच नाही अजून. ३५० आणि उणे २०, हे दोन आकडे एकाच समुद्राचे कसे?

टिळकवाडीची_अक्का
तेच लिहायला घेतलं होतं. ३५० वाला पेपर २००५ चा, जोआकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 'सायन्स' मधला. त्यांनी १९९७ ते २००४ ची सॅटेलाइट चित्रं बघितली, आणि ती जागा म्हणजे पश्चिम अरबी समुद्र, सोमालिया-ओमानकडचा. आपला किनारा नव्हे. म्हणणं असं की हिमालय-तिबेटकडचं बर्फ कमी झालं, जमीन जास्त तापली, त्यामुळं पावसाळी वारं जोरात, म्हणून अपवेलिंग जास्त, म्हणून हिरवं जास्त. तर्क सुंदर आहे. खरं सात वर्षं! २००७ ला अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन प्रयोगशाळेच्या लोकांनी तपासून 'करंट सायन्स' मधे लिहिलं की अशी सरसकट वाढ काही दिसत नाही, आणि पुढची वर्षं जोडल्यावर तो चढ टिकलाच नाही.

२० टक्के घट वाला पेपर २०१६ चा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि मंडळी. त्यांनी सॅटेलाइट आणि मॉडेल दोन्ही जोडून सहा दशकांचा हिशोब केला, पश्चिम हिंदी महासागराचा. कारण असं की तिथलं उन्हाळी तापमान १९०१ ते २०१२ मधे १.२ अंशांनी वाढलं, वरचा थर गरम आणि हलका झाला, खालचं खताचं पाणी वर मिसळायला अवघड झालं. म्हणजे एका पेपरात वाऱ्याचा जोर जिंकतो, दुसऱ्यात गरम थर जिंकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात, आणि सात वर्षांत एक दिसते, साठ वर्षांत दुसरी. बातमीवाल्यांनी फक्त टक्के उचलले.

चिकोडी_टू_बेंगळूर
म्हणजे सॅम्पल विंडोचा, किती काळाचा डेटा बघितला त्याचा, घोळ. आमच्याकडं पण एका क्वार्टरचा ग्राफ दाखवून प्रमोशन घेणारे आहेत 😄 बरं, मग सॅटेलाइट डेटा किती वर्षांचा लागतो खात्रीनं सांगायला?

टिळकवाडीची_अक्का
२०१० ला हेन्सन आणि सहकाऱ्यांनी याचाच हिशोब केला होता, साधारण ४० वर्षं. त्याच्या आत एल निनो, हिंदी महासागरातलं डायपोल (त्याच्या पूर्व-पश्चिम पाण्यातला तापमानाचा झोका), असले चढउतार इतके मोठे असतात की खरा कल त्यात बुडून जातो. सलग रंग मोजणारा सीविफ्स उपग्रह १९९७ ला सुटला, तो २०१० ला बंद पडला, मधे मोडिस आला, आपले ओशनसॅट आले. प्रत्येकाचा डोळा थोडा वेगळा, ते एकमेकाला जोडताना जरा चुकलं की खोटी उडी दिसते. आणि आपल्याकडं आणखी एक अडचण, जून-जुलै-ऑगस्टला वर ढग. अपवेलिंग जोरात असतं तेव्हाच उपग्रह आंधळा. त्यात १ जून ते ३१ जुलै मशीनच्या बोटींना बंदी, समुद्र खवळलेला, संशोधनाची छोटी बोट पण जात नाही. जे महिने सगळ्यात महत्त्वाचे त्याच महिन्यांची नोंद सगळ्यात तोकडी. मला विचाराल तर आपल्या किनाऱ्याबद्दल कुणी छातीठोक टक्का सांगितला की मी आधी विचारते, पावसाळ्याची चित्रं किती मिळाली होती?

निपाणीकर_पाटील
अक्का मला एक कळंना. उपग्रहाला वरनं नुसता हिरवा रंग दिसतो म्हणता. आमच्याकडं वरनं बघितलं तर ऊस पण हिरवा आणि बांधावरचं काँग्रेस गवत पण हिरवंच. गुऱ्हाळ कशावर चालणार?

टिळकवाडीची_अक्का
पाटील, हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनी विचारला असता तर मी मार्क दिले असते. मला या धाग्यात खरं म्हणजे हेच सांगायचं होतं. उपग्रह क्लोरोफिल मोजतो. किती आहे ते कळतं, कोण आहे ते नीट कळत नाही. आणि अपवेलिंगच्या किनाऱ्यांवर गेल्या काही दशकांत जे बदललं त्यात 'कोण' आणि 'कधी' हेच मोठं आहे.

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला कारियाको म्हणून खोलगट जागा आहे. तिथं नोव्हेंबर १९९५ पासून जानेवारी २०१७ पर्यंत बोटीनं दर महिन्याला एकाच ठिकाणी जाऊन पाणी काढलं, मायक्रोस्कोपखाली मोजलं. २००४-०५ च्या सुमाराला वारं मंदावलं, अपवेलिंग ढिलं पडलं, मोठे डायटम कमी झाले आणि बारक्या पेशींनी जागा घेतली. त्याच काळात तिथली सार्डिन कोसळली. ती सार्डिनेलाच, आपल्या तारलीची जवळची नातलग. बारक्या पेशी असल्या तर त्या खाणारे पण बारके, त्यांना खाणारे मधले, असे टप्पे वाढतात आणि दर टप्प्याला माल गळतो. थेट डायटम ते मासा एवढी आखूड साखळी हीच अपवेलिंगची श्रीमंती. जगातले चार मोठे अपवेलिंग किनारे, कॅलिफोर्निया, पेरू-चिलीचा हम्बोल्ट, कॅनरी आणि बेंग्वेला, समुद्राच्या एक-दोन टक्के पण जागा व्यापत नाहीत आणि जगाच्या समुद्री मासळीतला साधारण पाचवा हिस्सा तिथनं येतो तो यामुळंच.

आणि पेरूत उलटं. तिथं तळाच्या गाळात थरांवर थर साठलेत, त्यावरनं दिसतं की विसाव्या शतकाच्या मध्यापासून किनाऱ्यालगतचं पाणी थंड होत गेलं आणि उत्पादन वाढलं. जग तापतंय आणि तिथला किनारा गार. म्हणून 'जागतिक तापमानवाढीमुळं प्लँक्टन संपलं' असलं एका वाक्यात लिहिलेलं मला पटत नाही.

कॅम्पातला_बांगडा
थांबा थांबा. जग तापतंय तर पाणी गार कसं?

टिळकवाडीची_अक्का
अँड्र्यू बाकुननं १९९० ला हेच मांडलं. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, दोन्हीतला हवेच्या दाबाचा फरक वाढतो, किनाऱ्याचा वारा वाढतो, खालचं गार पाणी जास्त वर येतं. २०१४ ला सायडमन आणि मंडळींनी तोपर्यंतचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितलं तर कॅलिफोर्निया, बेंग्वेला, हम्बोल्टला वारं वाढल्याचं दिसलं, कॅनरीकडं चित्र धूसर. खरं वारा वाढला म्हणजे मासा वाढला असं पण नाही. १९८९ ला क्यूरी आणि रॉय या दोघांनी दाखवलं की सेकंदाला साधारण ५-६ मीटर वारा असला तर पिल्लं सगळ्यात जास्त जगतात. कमी असला तर खाणं नाही, जास्त असला तर सगळं घुसळून निघतं, पिल्लांना दाट खाणं एका जागी मिळत नाही आणि पिल्लं स्वतःच खोल समुद्रात वाहून जातात.

खानापूर_जंगलातला
मी शांत वाचत होतो. एक शंका. आमच्या तालुक्यातनं म्हादई निघते आणि गोव्यात समुद्राला मिळते. आमच्याकडचा तो धो धो पाऊस त्या अपवेलिंगला काही करतो काय? (पाणीवाटपाचं भांडण इथं काढू नका, हात जोडतो)

टिळकवाडीची_अक्का
करतो! आणि हे आपल्या किनाऱ्याचं वेगळेपण आहे, पेरू-नामिबिया तर वाळवंटी किनारे, तिथं हा प्रकार नाही. गोवा-कारवारसमोर पावसाळ्यात पाऊस आणि मांडवी, जुवारी, काळी असल्या नद्यांचं गोडं पाणी समुद्रावर ५-१० मीटरचा हलका थर करून बसतं. खालचं अपवेलिंगचं पाणी वर येतं खरं पण त्या थराखाली अडतं. तळाशी आधीच ऑक्सिजन कमी, वरनं सडणारं प्लँक्टन पडत राहतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला तळाचा ऑक्सिजन पार संपून कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड पण तयार होतो. गोव्यात दोनापावलाला एनआयओ म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या नक्वींचा २००० सालचा 'नेचर' मधला पेपर यावरच आहे. पावसाचं मान, खालनं येणारं पाणी, जमिनीवरनं वाहून जाणारी खतं, तिन्ही बदलत असली तर कुठलं प्लँक्टन टिकणार ते पण बदलणार.

अनगोळकर
मग ते रात्री निळं चमकतं ते काय? आमच्या मुलीनं कारवारच्या बीचवरनं व्हिडीओ पाठवला होता २०२० ला. लोक म्हणत होते चमत्कार.

टिळकवाडीची_अक्का
नॉक्टिल्युका, काका. नोव्हेंबर-डिसेंबर २०२० ला महाराष्ट्र-कर्नाटकच्या बऱ्याच किनाऱ्यांवर दिसलं होतं. हे धड वनस्पती नव्हे, हे डायटमच खातं. हलवलं की चमकतं. त्याचा हिरवा प्रकार पोटात हिरव्या पेशी पाळतो, म्हणजे शिकार पण करतो आणि उन्हावर अन्न पण बनवतो, वर कमी ऑक्सिजन त्याला फारसा बाधत नाही. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटमचा बहर असायचा, २००० नंतर तिथं हा हिरवा नॉक्टिल्युका माजला. गोम्स, गोएस वगैरेंनी २०१४ ला हे कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडलं. तो हिवाळ्याचा आणि उत्तरेचा प्रकार आहे, आपल्या पावसाळी अपवेलिंगचा नव्हे, हे लक्षात ठेवा. खरं पाटलांच्या प्रश्नाचं उत्तर तिथं उघड दिसतं, हिरवं तेवढंच किंवा जास्तच, आणि बहुतेक मासे त्याला तोंड लावत नाहीत, जेलीसारखे साल्प खातात.

चिकोडी_टू_बेंगळूर
म्हणजे नुसतं क्लोरोफिल बघणारा माणूस खूश आणि मासेमार रडकुंडीला. बरोबर?

टिळकवाडीची_अक्का
अगदी. आणि 'कधी' चं पण ऐका. तारली पावसाच्या सुरवातीला अंडी घालते. पिल्लांना त्या आठवड्यांत डायटम मिळाले पाहिजेत. जुन्या अभ्यासात फ्रॅजिलारिया ओशनिका नावाचा डायटम जास्त असला की तारलीचा हंगाम चांगला असं दिसलं होतं, १९५० च्या सुमाराची गोष्ट. पाऊस पंधरा-वीस दिवस लांबला, अपवेलिंग उशिरा लागलं, तर वर्षभराची बेरीज तीच राहील खरं पिल्लं उपाशी. २०१५ च्या एल निनोच्या वर्षात केरळात तारली एकदम खाली आली, जास्त मासेमारी आणि बिघडलेला समुद्र दोन्ही एकदम आले. काका, तुमचं आणि माझं भांडण इथं संपायला पाहिजे.

अनगोळकर
संपलं नाही. समुद्र बिघडलेल्या वर्षी तरी जाळी आवरा एवढंच माझं म्हणणं. समुद्राला तर कुणी आवरू शकत नाही.

टिळकवाडीची_अक्का
हे मात्र मी पण सही करून देते.

निपाणीकर_पाटील
अण्णा-अक्का एक झाले, आता कुंदा वाटा 🙏 एक शेवटचं, आपल्याकडं कारियाकोसारखं दर महिन्याला मायक्रोस्कोपनं मोजणारं कोण हाय काय नाही? नाहीतर आपण नुसतं बोलत बसायचं.

टिळकवाडीची_अक्का
आहे. गोव्यात कांदोळीसमोर एनआयओचं ठिकाण १९९७ पासून चालू आहे, ऑक्सिजन, पोषकद्रव्यं, प्लँक्टन. कोचीची सीएमएफआरआय, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, १९४७ पासूनची, मासळीच्या नोंदी त्यांच्याकडं. कॅलिफोर्नियात तर सार्डिन बुडाली म्हणून १९४९ ला कॅलकोफी नावाची समुद्राची नियमित मोजणी सुरू केली, ती अजून चालू आहे. खरं आपल्याकडं पेशी ओळखून मोजणारी माणसं कमी होत चाललीत असं मला वाटतं. डायटम ओळखायला वर्षं जातात आणि त्याला पगार कुणी देत नाही, पोरं सगळी जीन आणि कोडिंगकडं पळतात. चिकोडीकर, तुम्हाला नाही म्हणत हो.

चिकोडी_टू_बेंगळूर
मलाच म्हणताय अक्का 😄 असू दे. मग कांदोळी १९९७ अधिक ४० म्हणजे २०३७. सीविफ्सपासून धरलं तरी २०३७च.

कॅम्पातला_बांगडा
ठरलं. ॲडमिनला सांगून ठेवतो, धागा लॉक करू नका, २०३७ ला वर काढायचा आहे. तोपर्यंत अनगोळकर काकांनी तब्येत सांभाळावी.

अनगोळकर
माझी काळजी करू नको, बाजारात तारली काय भाव ते सांग.